रुख्मिणीच्या खांद्यावरचा हात

शेलूबाजारात जीपा थांबतात त्या कोपऱ्यावर, पंक्चरवाल्याच्या आणि कृषी केंद्राच्या मधोमध, नीलिमाचं दुकान आहे. दुकान कसलं, दहा बाय आठची खोली. पण बाहेरच्या पाटीवर कामं एवढी लिहिलेली की मालकिणीच्या नावाला जागाच उरली नाही. लग्नपत्रिका, फ्लेक्स, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि सगळ्यात खाली 'फोटोचं काम'. आता फोटोचं काम म्हणजे फोटो काढणं, असं कोणालाही वाटेल. तसं नव्हे. काढलेल्या फोटोत जे नाही ते आणायचं आणि जे आहे ते घालवायचं, याला त्या भागात फोटोचं काम म्हणतात, आणि त्यापायी नीलिमाचं डोकं दिवसातून चार वेळा तरी उठायचं.

लोक मागत तरी काय, ऐका. एकानं बापाचा फोटो आणला. बाप बैलगाडीवर बसलेला, तोही शेताच्या पार पलीकडच्या धुऱ्यावर, ज्वारीच्या दाण्याएवढा. म्हणे मोठा करा, आणि मिशी नीट दिसू द्या. दुसऱ्याचं उपसरपंचाशी वाकडं आलं, तर तो पोरीच्या लग्नाच्या फोटोतून उपसरपंचाला काढून टाका म्हणून आला. नीलिमानं अर्धा दिवस घालवून उपसरपंचाच्या जागी केळीचा खांब उभा केला. दोन महिन्यांनी त्या दोघांचं जमलं. गडी परत हजर. म्हणे उपसरपंच होते तिथं उभे करा, पण खांबही राहू द्या, शोभून दिसते.

मेलेल्या माणसांचं काम त्याहून अवघड. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाचा धड फोटो नसतोच. मग आधार कार्डावरचं तोंड घ्यायचं, मानेपासून कापायचं आणि दुसऱ्याच्या अंगावर बसवायचं. पुरुषांसाठी नीलिमाकडे एक निळा कोट होता, लाल टायचा, खिशाला पेन लावलेला. बायांसाठी एक हिरवी साडी, लाल काठाची, गळ्यातल्या सोन्याच्या माळेसकट. हे दोन्ही तिनं बारा-तेरा वर्षांमागं कुठूनसे मिळवले होते, आणि तेव्हापासून आजूबाजूच्या चाळीसेक गावांत जो गेला तो तोच कोट घालून भिंतीवर चढला. एका घरी आजा, बाप आणि चुलता असे तिघं ओळीनं टांगलेले, तिघांच्याही खिशाला तेच पेन. पुण्याकडचा नवा जावई आला, त्यानं बराच वेळ पाहिलं आणि सासूला हळूच विचारलं की ही सगळी मंडळी बँडमध्ये होती का.

नीलिमाला हे कळत नव्हतं असं नाही. तिला त्याची लाजच वाटायची. तिनं एकदा नवा राखाडी कोट आणूनही पाहिला, तर गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. पाटलाच्या बापाला जो लावला तोच आमच्या बापाला लावा, आमचा बाप काय हलका होता? तिच्या स्वतःच्या आज्याचा फोटो मात्र, छप्पन सालच्या दीक्षेनंतर नागपुरात कोणीतरी काढलेला, धुरकट, एका कोपऱ्याला पाणी लागलेला, तिनं दुकानात तसाच टांगला होता. त्याला तिनं एक ठिपकाही लावला नव्हता.

तर एका बाजाराच्या दिवशी किन्हीराजाकडून मुन्ना आला. मुन्ना म्हणजे पोर नव्हे. बेचाळीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, पण आईनं लाडानं ठेवलेलं नाव थेट सातबाऱ्यावर जाऊन बसलेलं. ती आई, रुख्मिणी, आदल्या वर्षी गेली होती. वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं होतं. घरात लावायला मोठी फ्रेम पाहिजे होती आणि दारात लावायला फ्लेक्स. फोटो आधार कार्डावरचा, दुसरा नाही. नीलिमानं तासाभरात काम उरकलं. तोंड उजळ केलं, कपाळावरचं गोंदण पुसलं, गालाच्या सुरकुत्या इस्त्री मारल्यासारख्या सपाट केल्या, डोकं हिरव्या साडीवर बसवलं आणि मागं निळं आभाळ सोडलं. मुन्ना जाम खूश झाला. माय एकदम मास्तरीणबाई दिसून राह्यली, म्हणाला, आणि फ्रेम काखोटीला मारून गेला.

तिसऱ्या दिवशी मुन्नाचे वडील जानराव आले. पंचाहत्तरीचा माणूस, धोतर, टोपी, जीपमध्ये मागं लटकून आलेला. दुपट्ट्यात गुंडाळलेली फ्रेम त्यांनी सोडली आणि काऊंटरवर नीलिमाकडे तोंड करून उभी केली.

"ही कोण होय?"

"तुमच्या घरच्याच हायेत, आबाजी. रुख्मिणीबाई."

"माह्या घरची मले ठाऊक हाय. ही कोण होय ते सांग."

इथून नीलिमाच्या साडेसातीला सुरुवात झाली. पहिल्या दिवशी गोंदण परत आणलं. दुसऱ्या दिवशी रंग सावळा केला. तो जास्त झाला, मग कमी केला, मग तो आजारी माणसासारखा पिवळा दिसायला लागला. तिसऱ्या दिवशी जानरावांना आठवलं की रुख्मिणीचा डावा कान जड बाळीनं फाटलेला होता, तो अख्खा कसा काय झाला? नीलिमानं कान फाडला. चौथ्या दिवशी ते म्हणाले की तिची चपटी नथ या बाजूनं दिसत नाही, जरा मान वळव. नीलिमानं सांगितलं की फोटोतली मान वळत नाही. जानरावांना हे पटेना. एवढ्या माणसांची डोकी उचलून दुसरीकडं ठेवतेस, आणि मान तेवढी वळवता येत नाही?

"फोटो हाय आबाजी," नीलिमा म्हणाली, "बकरी नाई, कान धरून वळवाले."

आणि रोज संध्याकाळी मुन्नाचा फोन. बुढ्याचं काही आयकू नको, ताई, पहिला होता तोच छाप, पाहुण्यांना काय दाखवू? बाप सकाळी येऊन आई काळी करून जायचा, लेक संध्याकाळी फोनवरून गोरी करायला सांगायचा. संगणकात रुख्मिणी नावाच्या अकरा फायली झाल्या. दारात लग्नपत्रिकावाले खोळंबलेले, पीक विम्याचे फॉर्म साचलेले, आणि नीलिमा आपली एका म्हातारीच्या कानाशी बसलेली. नवऱ्यानं घरी विचारलं की जेवताना तू माझ्या कानाकडे काहून पाहून राह्यली.

सहाव्या दिवशी तिचा संयम संपला. तिनं जानरावांसमोर स्क्रीन वळवली आणि सरळ सांगितलं की आधार कार्डावर कोणीच स्वतःसारखं दिसत नाही. तिथं माणूस पुसट आणि घाबरलेलाच येतो. आहे त्यातून मी रुख्मिणीबाई आणू शकत नाही. दुसरा फोटो आणा, नाहीतर हाच न्या.

जानराव दुसऱ्या दिवशी पोरीच्या लग्नाचा अल्बम घेऊन आले. दोघांनी पान न् पान पाहिलं. एका फोटोत रुख्मिणीची पाठ होती. एकात परात धरलेला हात. एकात सगळं घरदार ओळीनं उभं आणि शेवटी दाराआड जाणारा लुगड्याचा पदर. कॅमेरा दिसला की ती पळायची, जानरावांनी सांगितलं. पन्नास वर्षांच्या संसारात तिनं एकदाच कॅमेऱ्याकडे पाहिलं, ते सरकारनं पाहायला लावलं तेव्हा.

"मंग ही हिरवी साडी काढ," ते म्हणाले. "खाली तिचं लुगडं असलच ना."

नीलिमानं वैतागून साडी बाजूला केली. खाली कापलेली मान आणि त्याखाली नुसते पांढरे-करडे चौकोन, रिकाम्या जागी संगणक दाखवतो ते.

"पाहा. काही नाई खाली."

जानराव त्या चौकोनांकडे पाहत राहिले. मग भिंतीकडे बोट करून म्हणाले, "तुह्या आज्याले तं कोट नाई घातला तू."

 नीलिमा काही पुटपुटली, त्या फोटोचं वेगळं होतं वगैरे. जानराव स्टुलावर बसले. आवाज चढवून बोलणारा माणूस, पण आता हळू बोलला.

"माही याददास्त आता पहिल्यासारखी नाई, पोरी. काल तिचा आवाज आठवाले गेलो, तं बराच वेळ लागला. नातवंडं लहान हायेत. मी गेल्यावर ही हिरव्या साडीचीच रुख्मिणी होऊन बसन. मंग माही कोण होती, हे सांगाले कोणीच नाई."

बाहेर जीपवाला मालेगाव, मालेगाव ओरडत होता. नीलिमानं एक फॉर्म उचलला, परत ठेवला. राग तर आलेलाच होता, फक्त आता तो कोणावर काढायचा ते कळेना. तिनं विचारलं की रुख्मिणीबाई घराबाहेर म्हणून कुठं जात होत्या? शेतात, जानराव म्हणाले. बाजारात नाही. देवळात सणावारी. आणि गुरुवारी बचत गटात, ललिताबाईच्या ओसरीवर. ललिताबाई गटाची अध्यक्ष, हिची जिवाची मैत्रीण. पण तिथंही फोटोबिटो नाही, गटाच्या पुस्तकात एकट्या ललिताबाईचाच फोटो हाय.

पुस्तक म्हणताच नीलिमाचे हात थांबले. सहा वर्षांमागं रिसोडच्या मेळाव्यासाठी बचत गटांची एक अहवाल-पुस्तिका निघाली होती, ती तिनंच केली होती. प्रत्येक गटाच्या पानावर अध्यक्षबाईचा गोल फोटो. आता एवढी धंद्यातली गोष्ट सांगावी लागते. पानावर गोल फोटो बसवायचा असला की तो कात्रीनं कापत नाहीत. एक गोल चौकट करतात आणि आख्खा फोटो तिच्यामागं सरकवतात. खिडकीतून माणसाचं तोंडच दिसतं, म्हणून माणूस काही तोंडापुरताच नसतो. बाकीचा आत उभा असतोच. आणि त्या काळी नीलिमाला घाई एवढी असायची की आतलं जास्तीचं कापून टाकायला तिला कधी सवड झाली नव्हती. या आळसापायी फायली जड होतात म्हणून छापखानेवाला तिला दर वेळी बोलायचा.

जुनी फाईल सापडायला पाऊण तास लागला. त्यात तीनदा संगणक अडकला, दोनदा वीज झपकली, आणि एक बाई आत येऊन जातीच्या दाखल्याचं विचारून गेली. शेवटी किन्हीराजाचं पान उघडलं. वर गोलात ललिताबाई, गालातल्या गालात हसत असलेली. नीलिमानं गोलावर टिचकी मारली आणि चौकट काढली.

फोटो पानभर पसरला. अक्षरांवर, शिक्क्यावर, सगळ्यावर. मागं कुडाची भिंत, एका बाजूला शेळीचं अर्धं तोंड, मधे ललिताबाई. आणि ललिताबाईच्या डाव्या हाताला, तिनं खांद्याला गच्च धरून ओढलेली, निघून जायच्या बेतात असलेली एक काटक सावळी बाई. जुनेरं लुगडं, पदर डोक्यावरून घसरलेला, फाटका कान, नथ, गोंदण. तोंड उघडं, भिवया वर, काहीतरी जोरानं बोलत असलेली.

नीलिमानं काही विचारायच्या आत जानराव हसायला लागले. खांदे हलेपर्यंत हसले, मग टोपी काढून त्या टोपीनंच डोळे पुसले.

"शिव्या देऊन राह्यली पाहा," ते म्हणाले. "हीच होय. हीच."

तुम्हाला वाटेल संपलं. नीलिमालाही वाटलं होतं. पण माणूस जात्या माणूसच. दोन मिनिटांत जानराव सावरले आणि म्हणाले, हा खांद्यावरचा हात काढून टाक.

नीलिमानं ललिताबाई काढली, शेळी काढली. हात काढायला गेली तर त्याच्याखाली मात्र खरंच काही नव्हतं, कारण तो हात कोणी नंतर चिकटवलेला नव्हता, त्या दिवशी तो तिथंच होता. आजूबाजूचं लुगडं घेऊन तिनं तिथं थापून पाहिलं. खांद्याला भाकरीच्या पिठाचा गोळा चिकटल्यासारखं दिसायला लागलं. तीन वेळा थापलं, तीन वेळा काढलं. शेवटी ती म्हणाली की आबाजी, हात राहील, नाहीतर बाई जाईल. जानराव म्हणाले, मंग राहू दे हात.

मुन्नाला फोनवर सांगितलं, तर तो उसळलाच. तोंड उघडं, केस विस्कटलेले, अंगावर घरचं लुगडं, आणि खांद्यावर कोणाचा तरी कापलेला हात, हे लोकांना दाखवू? बापलेकांची घरी जुंपली. तोड निघाली ती अशी, की दारातल्या फ्लेक्सवर मुन्नाची मास्तरीणबाई आणि घरातल्या भिंतीवर जानरावांची रुख्मिणी. पाहुण्यांपैकी दोघातिघांनी दारातून आत येताना विचारलंही म्हणे, की आज दोघींचं हाय काय.

वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्याच दिवशी, दुकान उघडून नीलिमानं झाडून काढायच्या आत, ललिताबाई पुढ्यात उभी. साठीची ठसठशीत बाई, मनगटावर घड्याळ.

झालं होतं असं. बाया ओळीनं फोटोपुढं जात होत्या, हळदीकुंकू लावत होत्या, फूल वाहत होत्या. ललिताबाईची पाळी आली. तिनं डोळे भरून मैत्रिणीकडं पाहिलं, आणि पाहता पाहता तिला रुख्मिणीच्या खांद्यावर एक मनगट दिसलं, मनगटावर घड्याळ दिसलं. तेच घड्याळ, गावातल्या बायांत पहिल्यांदा तिनं घेतलेलं. वरून झेंडूचा हार आडवा पडलेला, बोटांवर कुंकू सांडलेलं. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत हे शेंबडं पोरही जाणतं. ललिताबाई तिथंच मटकन खाली बसली. रात्रभर तिचा डावा हात बधिर झाला होता, असं तिचं म्हणणं. सुनेनं सांगितलं की हे लक्षण चांगलं नाही.

"माहा हात काप तिथून," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. मी जिती हाय."

नीलिमानं तिला बसवलं, पाणी दिलं आणि खांद्याची सगळी कथा सांगितली. ललिताबाई ऐकेना. पीठ लाव, माती लाव, केळीचं पान ठेव, पण माहा हात हारातून सोडव. नीलिमानं जानरावांना फोन लावला. ते पुढच्या जीपनं आले ते भांडायच्याच तयारीनं. हात काढायचा नाही. हात काढला की बाई जाते, हे मले या पोरीनंच सांगितलं. दोघं जण नीलिमाच्या दोन बाजूंना उभे राहून तिच्या डोक्यावरून भांडायला लागले. तोवर दुकानात चार गिऱ्हाइकं जमली होती, त्यांनीही आपापली मतं दिली. एकाचं म्हणणं पडलं की घड्याळ तेवढं काढा, मग हात कोणाचाही होईल.

नीलिमानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग तिनं जुनी फाईल उघडली आणि चौकट काढून आख्खा फोटो स्क्रीनवर सोडला.

 ललिताबाईनं हा फोटो असा कधी पाहिलाच नव्हता. तिच्याकडं होता तो गोलातला. ती पुढं वाकली.

"पळून राह्यली होती," ती म्हणाली. "साहेबानं कॅमेरा काढला न् ही निंघाली. मी म्हटलं, तू गटाची पहिली बाई, तू नाई तं मीबी नाई. धरून ओढली मी तिले."

"म्हणूनच आली फोटोत," जानराव म्हणाले. "नाई तं मले तिचं काही राह्यलंच नसतं."

ललिताबाईनं आपल्या हाताकडं पाहिलं, मग पडद्यावरच्या हाताकडं. थोड्या वेळानं तिनं ठरवून टाकलं. हात राहू द्या. पण हार त्या बाजूनं घालायचा नाही. उजव्या कोपऱ्याला खिळा ठोका आणि तिथूनच खाली सोडा, माह्या बोटाला एक पाकळीही लागली तर मी घरात येऊन फोटो उचलून नेईन. जानरावांनी मान्य केलं.

आता तरी हे उठतील म्हणून नीलिमानं पीक विम्याचा फॉर्म पुढं ओढला. तर जानराव म्हणाले, पाहा, कशी म्हणून राह्यली, सोड मले, सोड. ललिताबाई म्हणाली, छट्, सोड कुठं, ती त्या शेळीवर ओरडून राह्यली होती, शेळी माह्या तुरीत तोंड घालत होती. जानराव म्हणाले, शेळीवर ती असं तोंड करत नसे, शेळीवरचं तोंड वेगळं होतं. ललिताबाई म्हणाली, तुमी तिथं होते काय? पन्नास वर्षं समोर होतो, जानराव म्हणाले, मले तिचं तोंड कळत नाई?

"नीलिमा, जरा मोठं कर बरं," ललिताबाई म्हणाली.

नीलिमानं मोठं केलं. गोंदण आलं, नथ आली, उघडं तोंड पडद्यावर मावेनासं झालं. मागं खोळंबलेला एक जण म्हणाला, बाई, आमचंही पाहा, जीप सुटून राह्यली. नीलिमा त्याच्यावर खेकसली.

"अजून मोठं कर," जानराव म्हणाले.

तिनं अजून मोठं केलं. ओठांचे चौकोन झाले, तपकिरी, काळे, लालसर, आणि मग तोंड कुठं संपतं आणि कुड कुठं सुरू होतो तेही कळेना. आता काही दिसणार नाही, ती म्हणाली. पण दोघांनी ऐकलंच नाही. दोन्ही म्हातारी माणसं काऊंटरवर कोपरं टेकून त्या चौकोनांत डोळे घालून बसली होती.

"सोड म्हणते," जानराव म्हणाले.

"शेळी म्हणते," ललिताबाई म्हणाली. "अजून कर थोडं मोठं."

नीलिमानं एक सुस्कारा सोडला आणि केलं.